उत्तर न देणाऱ्यांचे काय?



गेल्या आठवड्यात एका तरुण वाचकाने मला विचारले, “फादर, संकटकाळी दारोदार हिंडून याद्या करण्याचे आता कारण काय? मोबाईलवर प्रश्नावली पाठवावी, लोकांनी ती भरावी, म्हणजे कोणाला काय हवे ते तासाभरात कळेल.” प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी आपण हैदराबाद नगरीकडे वळू या.

या नगरीला पुराचे दुःख नवीन नाही. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला आलेल्या महापुरात तेथील हजारो माणसे प्राणांस मुकली. पुढे विश्वेश्वरय्यांच्या सल्ल्याने उस्मानसागर व हिमायतसागर हे जलाशय उभे राहिले. तरीही १३ ऑक्टोबर २०२० रोजी असा पाऊस कोसळला की काही भागांत एका दिवसात १९ सेंटीमीटरहून अधिक पाणी पडले. तलावांचे बांध फुटले व वस्त्याच्या वस्त्या पाण्यात गेल्या.

१९ ऑक्टोबरला राज्य सरकारने प्रत्येक पूरग्रस्त कुटुंबास १०,००० रुपये देण्याचे जाहीर केले. आरंभी ही रक्कम रोख वाटण्यात आली. परंतु खऱ्या पूरग्रस्तांना वगळल्याच्या तक्रारी उठल्या. तेव्हा ‘मी सेवा’ केंद्रांतून ऑनलाइन अर्ज मागविण्यात आले. आधार क्रमांक द्यावा, बँकेचे खाते द्यावे, म्हणजे पैसे थेट खात्यात. योजना सुटसुटीत होती. पण झाले काय? नोव्हेंबरच्या मध्यावर केंद्रांपुढे पहाटेपासून रांगा लागल्या व त्यांत वृद्ध स्त्रिया तासन् तास तिष्ठत राहिल्या. एका स्त्रीचा तर रांगेतच अंत झाल्याचे वृत्त आले. १८ नोव्हेंबरला महापालिका निवडणुकीमुळे हे वाटप थांबविण्यात आले. निवडणुकीनंतर महापालिकेने सांगितले की, केंद्रांवर येऊ नका, आमची पथकेच वस्तीत येऊन खातरजमा करतील. अखेरीस यंत्रणेला पुन्हा उंबरठ्यापर्यंत जावेच लागले!

याचा अर्थ नवे साधन निरुपयोगी आहे, असा मात्र नव्हे. जानेवारी २०१० मध्ये हैती देशात भूकंप झाला, तेव्हा लोकांनी ४६३६ या क्रमांकावर आपल्या क्रेओल भाषेत संदेश पाठविले. परदेशांत राहणाऱ्या हैतीच्या बांधवांनी ते भाषांतरित करून मदत करणाऱ्यांस पोहोचविले. ऑगस्ट २०१८ च्या महापुरात केरळ सरकारने संकेतस्थळावरून मदतीच्या हाका गोळा केल्या. रस्ते बंद असतात किंवा साथीमुळे घरोघर जाणेच धोक्याचे ठरते, तेव्हा फोनवर विचारलेला प्रश्न अनेकांचे प्राण वाचवू शकतो.

पण एक गोष्ट ध्यानी धरली पाहिजे. प्रश्नावली ज्याच्यापर्यंत पोहोचते, त्याचीच गरज ती सांगते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार आपल्या देशात स्वतः वापरावयास मोबाईल असलेल्या स्त्रिया सुमारे ५४ टक्के होत्या. इंटरनेट कधी ना कधी वापरलेल्या स्त्रिया अवघ्या ३३ टक्के, तर पुरुष ५७ टक्के. म्हणजे आलेली उत्तरे मोजून आपण निर्धास्त झालो, तर घरातल्या आईची आणि एकट्या विधवेची गरज यादीबाहेरच राहते. ज्याचा फोनच पाण्यात गेला, तो तर सर्वांत अधिक पीडित. आणि तोच सर्वांत मुका! उत्तर आले नाही म्हणजे गरज नाही, असे समजणे ही मोठीच चूक होय. उलट ज्या वस्तीतून एकही उत्तर आले नाही, तेथे सर्वप्रथम धाव घेतली पाहिजे. नव्याण्णव मेंढरे कळपात असता हरवलेल्या एकाच्या शोधात निघणारा मेंढपाळ आपल्याला ठाऊकच आहे.

१८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम व त्याच्या सोबत्यांनी गरिबांच्या सेवेचे कार्य आरंभिले, तेव्हा गरिबांच्या घरी स्वतः जाणे हाच त्यांचा परिपाठ होता. गरज डोळ्यांनी पाहावी लागते, हे त्यांनी ओळखले होते.

म्हणून माझ्या तरुण मित्रा, प्रश्नावली जरूर कर. ती लोकांच्या बोलीत असू दे. प्रश्न थोडे असू देत, आणि जे देता येणार नाही त्याविषयी विचारून आशा लावू नकोस. लोकांनी विश्वासाने दिलेली माहिती चव्हाट्यावर मांडू नकोस. मात्र पावसाळ्यापूर्वीच आपल्या गावातील फोन नसलेल्या, एकट्या व आजारी माणसांची यादी करून ठेव, आणि प्रत्येक घरामागे एक शेजारी नेमून दे. संकट आले की मोबाईलवरची उत्तरे या यादीशी ताडून पाहा. ज्या नावापुढे उत्तर नसेल, त्या घरी त्याच दिवशी जा.