वेळापत्रकात न दिसणारी रात्र

परीक्षा जवळ आल्या की देशभरातील विद्यापीठांच्या वसतिगृहांत पहाटेपर्यंत दिवे जळत असतात. आपण त्याला जिद्द म्हणतो. इतिहासाचा पदव्युत्तर विद्यार्थी असताना मीही तेच म्हणत असे. त्या जागरणात प्रशासनाच्या सहीचाही वाटा असतो, हे उमगायला मला सेवानिवृत्ती गाठावी लागली.

एका राज्याच्या उच्च शिक्षण विभागाचे काम माझ्याकडे असताना, लांबलेले सत्र सावरण्यासाठी आठ दिवसांत सहा पेपर घेण्याचा प्रस्ताव आला. विद्यार्थ्यांचे शिष्टमंडळ भेटले. पेपर सोपे करा, असे ते म्हणत नव्हते. दोन पेपरांमध्ये एक दिवस द्या, एवढेच मागत होते. निकालाची तारीख ठरली होती. मी नकार दिला. फाइलवर ‘विद्यार्थिहितास्तव’ हा शब्द होता. झोपेचा उल्लेख कोठेही नव्हता.

दिवसभर वाचलेले स्मरणात पक्के होते ते झोपेत. तरुणांना साधारण सात ते नऊ तास झोप लागते. चिंता झोप उडवते आणि अपुरी झोप चिंता वाढवते. स्मरणशक्तीची परीक्षा घेणारी व्यवस्थाच स्मरणाचा आधार काढून घेते, ही विसंगती आहे.

तिची मुळे जुनी आहेत. १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे स्थापन झालेली विद्यापीठे लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर मुख्यतः परीक्षा घेऊन पदव्या देणाऱ्या संस्था होत्या. शिकवण्याचे काम महाविद्यालयांकडे होते. स्वातंत्र्यानंतर राधाकृष्णन आयोगाने (१९४८-४९) उच्च शिक्षणात एकच सुधारणा सुचवायची झाल्यास ती परीक्षांची असेल, असे मत नोंदवले. पुढे सत्रपद्धती आली. ओझे विभागले जाईल ही अपेक्षा होती. अनेक ठिकाणी परीक्षेचा हंगामच वर्षातून दोनदा येऊ लागला.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. परीक्षेतील अपयश हे कारण नोंदवलेले मृत्यू २,२४८ होते. आत्महत्येचे कारण एकेरी नसते आणि अपुरी झोप हे त्याचे उत्तर नव्हे. परंतु या आकड्यांसमोर परीक्षेचे नियोजन ही किरकोळ बाब राहत नाही. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांत किमान एक पात्र समुपदेशक असावा, असे निर्देश दिले. ते स्वागतार्हच आहेत. मात्र समुपदेशकाने सकाळी दिलेला धीर सायंकाळी फलकावर लागलेल्या वेळापत्रकाने हिरावून घेता कामा नये.

यासाठी मोठा निधी लागत नाही. वेळापत्रक सत्रारंभीच जाहीर व्हावे. दोन मुख्य पेपरांमध्ये एक मोकळा दिवस असावा. मागील सत्राचे विषय राहिलेल्यांनाही एका दिवशी दोन पेपर द्यावे लागू नयेत. अंतर्गत मूल्यमापन सत्रभर खरोखर चालावे. निकाल लांबतील, हा आक्षेप मी स्वतः घेतलेला आहे. पण सत्र लांबते ते बहुधा प्रवेशप्रक्रिया आणि प्रशासकीय दिरंगाईमुळे. त्याची भरपाई विद्यार्थ्याच्या झोपेतून का व्हावी?

ती फाइल आज पुन्हा समोर आली, तर सही करण्यापूर्वी मी समासात एकच प्रश्न लिहीन : या वेळापत्रकात विद्यार्थ्याने झोपायचे केव्हा?