रांग कोणाची, चौकशी कोणाची?



आपल्या नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये देशभरातल्या पासपोर्टची पुस्तके छापली जातात. आता त्या पुस्तकात चिप असते. पहिला ई-पासपोर्ट 2008 साली तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांना मिळाला. 2024 पासून तो सामान्य नागरिकांना मिळू लागला. बनावट पासपोर्ट चटकन ओळखता यावा आणि खरा प्रवासी लवकर पुढे जावा, हा त्यामागचा हेतू.

याच हेतूने जून 2024 मध्ये दिल्लीच्या आणि जानेवारी 2025 मध्ये मुंबईसह आणखी सात विमानतळांवर इमिग्रेशनची स्वयंचलित दारे सुरू झाली. आधी अर्ज करायचा, बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो द्यायचा. पडताळणी झाली की पुढच्या प्रवासात काउंटरच्या रांगेत उभे राहायला नको. याला माझा विरोध नाही. ज्यांची तपासणी आधीच झाली आहे, त्यांना ताटकळत ठेवून देशाची सीमा अधिक सुरक्षित होत नाही. पण या सोयीमुळे अधिकाऱ्यांचा जो वेळ वाचेल, तो कोणासाठी आणि कसा वापरला जाणार, हे आपण विचारायला हवे.

कारण काही बायकांच्या पासपोर्टवर एक वेगळी नोंद असते. दहावी पास नसलेल्या व्यक्तीच्या पासपोर्टवर सहसा ‘ईसीआर’ असे छापलेले असते. आखाती देशांसह 18 देशांत नोकरीसाठी जाताना तिला 1983 च्या उत्प्रवास कायद्याखाली सरकारची परवानगी लागते. प्राप्तिकर भरणाऱ्यांना आणि पन्नाशी ओलांडलेल्यांना यातून सूट आहे. आता आपल्याकडच्या मुलींची दहावी का राहते, हे मी तुम्हाला सांगायला नको. कोणी आईबापांबरोबर ऊसतोडीला जाते, कोणाचे पंधराव्या वर्षी लग्न लावून देतात. तिच्यावर झालेला तो अन्याय पुढे तिच्या पासपोर्टवर सरकारी शिक्का होऊन बसतो.

त्यावर आणखी एक अट. ईसीआर पासपोर्टवर या देशांत कामाला जाणारी बाई तीस वर्षांची पूर्ण हवी. पुरुषाला अशी अट नाही. 2016 पासून अशा बायकांची भरती सरकारी संस्थांमार्फतच व्हावी, असाही नियम झाला. हे सगळे संरक्षणासाठी, असे सांगितले जाते. प्रत्यक्षात काय होते? घर चालवायला पैसा तर हवाच असतो. मग एजंट तिला पर्यटक म्हणून पाठवतो, कारण फिरायला जाणाऱ्या बाईला ही परवानगी लागत नाही. सरकारच्या दप्तरी ती कामगार म्हणून दिसतच नाही. तिथे मालकाने पासपोर्ट काढून घेतला, पगार बुडवला, तर दाद मागायला हातात साधा करारसुद्धा नसतो. नेपाळनेही 2012 मध्ये तीस वर्षांखालच्या बायकांना आखाती देशांत घरकामाला जायला बंदी केली होती. बायका थांबल्या नाहीत. कित्येकींना एजंटांनी भारतातून पुढे पाठवले.

बायकांची विक्री आणि फसवणूक रोखा, ही मागणी आपणच वर्षानुवर्षे केली आहे. तेव्हा विमानतळावर तपासणीच नको, असे आपण म्हणू शकत नाही. पण तिथे फार उशीर झालेला असतो. मागे रांग वाढते आहे, अधिकाऱ्याच्या हाती काही मिनिटे आहेत, समोर एकटी, गोंधळलेली बाई आहे. तिला अडवले तर ती एजंटचे कर्ज डोक्यावर घेऊन गावी परतते आणि एजंट मोकळाच राहतो. सोडले तर पुढे तिचे काय होईल, ते कोणालाच माहीत नसते. शिवाय साध्या कपड्यातली, इंग्रजी न येणारी प्रत्येक बाई संशयित ठरते, मग ती लेकीच्या बाळंतपणाला निघालेली का असेना!

म्हणून मला वाटते, खरी तपासणी गावाजवळ आणि आधी व्हावी, आणि ती बाईची नव्हे तर एजंटची व्हावी. नोंदणीकृत एजंटची नावे सरकारच्या ई-मायग्रेट यंत्रणेत असतात. तो सेवाशुल्क म्हणून 30,000 रुपये आणि वर कर एवढेच घेऊ शकतो. ही माहिती पासपोर्ट हाती पडतानाच बाईला तिच्या भाषेत मिळाली पाहिजे. परदेशी जाणाऱ्या कामगारांसाठीचे एक दिवसाचे प्रशिक्षण जिल्ह्याच्या ठिकाणी मिळाले पाहिजे. वयाची अट काढून त्या जागी मराठीतला करार, पगाराची हमी आणि वकिलातीत नोंद आली पाहिजे. असे कागद घेऊन आलेल्या बाईला काउंटरवर प्रश्न कमी पडतील, रांगही लवकर सरकेल. आणि कोणाला अडवायचेच असेल, तर कारण लेखी द्यावे, बोलायला स्त्री अधिकारी असावी.

पुढच्या अंकापर्यंत आपापल्या वस्तीत एवढे करा. परदेशी कामाला गेलेल्या किंवा जायला निघालेल्या बायकांशी बोला. एजंट कोण होता, किती पैसे घेतले, व्हिसा कसला होता, करार वाचायला मिळाला का, एवढे चार प्रश्न विचारा. कोणाचेही नाव उघड न करता उत्तरे आमच्याकडे पाठवा. ती एकत्र करून आपण मुंबईच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स कार्यालयाला निवेदन देऊ.