स्टिअरिंगवरची मुकी बटणं



गेल्या दिवाळी अंकात मी माझ्या ड्रायव्हिंग टेस्टचं पुराण लावलं होतं. भारतातलं लायसन्स इथे बदलून मिळत नाही. त्यामुळे मिरजेत आठ वर्षं गाडी चालवलेल्या बाईने पुन्हा लर्नर परमिट काढलं, सक्तीचे 12 धडे घेतले आणि दुसऱ्या खेपेला कशीबशी परीक्षा पास केली. ते वाचून बऱ्याच जणींचे फोन आले. "मग पुढे काय झालं?" असं विचारणाऱ्या सगळ्यांसाठी हा यंदाचा मजकूर. पुढे गाडी आली, आणि गाडीबरोबर आठ मुकी बटणं आली.

गाडी जुनी टोयोटा, थेट जपानहून आलेली. आयर्लंडमध्ये अशा गाड्या भरपूर दिसतात, कारण जपानमध्येही आपल्यासारखंच डावीकडून चालवतात आणि स्टिअरिंग उजवीकडे असतं. चावी फिरवली की एक जपानी बाई अतिशय नम्र आवाजात काहीतरी सांगायची. आमचा धाकटा तिला "जपानी मावशी" म्हणतो. टोलचं कार्ड घातलेलं नाही, अशी ती आठवण करून देते, हे आम्हाला फार उशिरा कळलं. टोल अर्थात जपानमधला!

मावशींचं एक वेळ चालेल, पण रेडिओचं काय करायचं? जपानचा एफएमचा पट्टा 76 मेगाहर्ट्झला सुरू होतो आणि तिकडच्या जुन्या रेडिओवर 90 ला संपतो. आयर्लंडचा पट्टा 87.5 ते 108. म्हणजे दोघांचा सामाईक तुकडा जेमतेम अडीचचा. त्यात आरटीई रेडिओ वन तेवढं सापडायचं. 96 च्या पुढे लागणारं लिरिक एफएम या गाडीच्या लेखी अस्तित्वातच नव्हतं. त्यात आरटीईने 2021 मध्ये डॅब आणि 2023 मध्ये लाँग वेव्ह बंद केल्यामुळे गाडीत एफएमशिवाय दुसरा रेडिओ उरलेला नाही. शेवटी एका दुकानात जाऊन नवी म्युझिक सिस्टीम बसवून घेतली. ब्लूटूथ, मोठा पडदा, आवाज छान. फक्त स्टिअरिंगवरची बटणं चालेनात. आवाज कमी-जास्त, गाणं पुढे-मागे, फोन घे, फोन ठेव, सगळं ठप्प. दुकानदार म्हणाला, "त्याला वेगळा बॉक्स लागतो. नाहीतर पडद्यावर बोट लावा की!" नवऱ्याला रात्रपाळीला उशीर होत होता. आम्ही पैसे दिले आणि निघालो.

पडद्यावर बोट लावायचं म्हणजे नजर रस्त्यावरून काढायची, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. ते नोव्हेंबरात आलं.

इथे दुपारचे अडीच, मिरजेत रात्रीचे आठ. मी लेकीला शाळेतून आणायला ब्युमॉन्ट रोडवरून निघाले होते. पाऊस रोजचाच. फोन पर्समध्ये, पर्स शेजारच्या सीटवर. फोन वाजला, थांबला, पुन्हा वाजला. पडद्यावर "आई" उमटलं. आई रात्री आठला कधीच फोन करत नाही. ती तिची मालिकेची वेळ. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा माझा हात पडद्याकडे गेला. बोट ओलं होतं, दोनदा टेकवूनही फोन लागेना. मान वर केली तेव्हा गाडी डावीकडे सरकली होती आणि एक सायकलवाला माझ्या आरशापासून वीतभर अंतरावर होता. त्याने काचेवर हाताने थाप मारली, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि निघून गेला. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

पुढे जागा मिळाल्यावर गाडी थांबवून फोन लावला. अण्णा न्हाणीघरात पाय घसरून पडले होते. हाड मोडलं नव्हतं, मुका मार होता. आई घाबरली होती, एवढंच. पण माझे हात बराच वेळ थरथरत होते, आणि ते अण्णांमुळे की सायकलवाल्यामुळे, हे मला आजही सांगता येणार नाही.

मिरजेच्या वाचकांसाठी सांगते: इथे गाडी चालवताना फोन हातात धरला तर 120 युरो दंड आणि 3 पेनल्टी पॉइंट. माझ्यासारख्या नव्या चालकाच्या गाडीवर दोन वर्षं लाल "एन" लावायचा असतो आणि 7 पॉइंट झाले की लायसन्स सहा महिने जातं. हँड्सफ्री बोलायला बंदी नाही. मात्र लक्ष उडून गाडी चुकली तर गार्डा त्याचा वेगळा गुन्हा लावू शकतात. पण खरं सांगते, त्या दिवसानंतर मला दंडापेक्षा त्या काचेवरच्या थापेचीच जास्त भीती वाटायची.

माझा मामेभाऊ मिरजेत गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. त्याला व्हिडिओ कॉल केला. तो अजूनही म्युझिक सिस्टीमला "टेप"च म्हणतो.

"ताई, टेपच्या मागं बघ. दोन तारा मोकळ्या असतील. काय लिहिलंय?"

होत्या. टोकांना टोप्या घातलेल्या, "की वन" आणि "की टू" अशा चिठ्ठ्या लावलेल्या. दुकानदाराने त्यांना हातही लावला नव्हता.

"मग कशाला पाहिजे बॉक्स? तुझी गाडी जुनी आहे, बटणाची तार सरळ टेपपर्यंत येते. पण आधी बॅटरीची मायनस काढ आणि पाच मिनिटं थांब. पिवळ्या रंगाचा कपलर दिसला तर त्याला बोट लावायचं नाही. ती एअरबॅगची लाइन. आणि स्टिअरिंग अजिबात उघडायचं नाही."

स्टिअरिंग का नाही, हे त्याने समजावलं ते इथे सांगायलाच हवं. चाक दोन्ही बाजूंना कितीतरी फेरे फिरतं, मग त्याच्यावरच्या बटणांच्या तारा पिळवटून तुटत कशा नाहीत? आत एक चपटी पट्टी चकलीसारखी गुंडाळलेली असते. चाक एकीकडे फिरलं की ती आवळते, दुसरीकडे फिरलं की सैल होते. तिला क्लॉक स्प्रिंग म्हणतात. बटणांच्या तारा त्याच चकलीतून येतात आणि एअरबॅगच्याही. म्हणून घरच्या माणसाने काम करायचं ते टेपच्या मागे, चाकाशी नाही.

टेपच्या मागे स्टिअरिंगकडून आलेल्या तारा निघाल्या फक्त तीन. बटणं आठ! टोयोटाच्या भाषेत एसडब्ल्यू वन, एसडब्ल्यू टू आणि एसडब्ल्यूजी, शेवटची अर्थची. पंधरा युरोचा मल्टिमीटर आणला, तो ओमवर ठेवला, एक टोक एसडब्ल्यू वनला आणि दुसरं अर्थला लावलं. लेकीला चालकाच्या सीटवर बसवलं आणि म्हटलं, एकेक बटण दाब.

काहीच दाबलं नाही तेव्हा जवळजवळ एक लाख ओम. "पुढचं गाणं" दाबलं, शून्य. "मागचं गाणं", साधारण 330. "आवाज वाढव", 1000. "आवाज कमी", 3100. दुसऱ्या तारेवरही हेच चार आकडे निघाले, तिथे मोड, फोनची दोन बटणं आणि बोलून हुकूम द्यायचं बटण होतं.

मी एम.ए. मराठी. विजेशी माझा संबंध बिल भरण्यापुरता. पण हे आकडे वहीत लिहिताना एकदम लख्ख दिसलं. सातवीच्या वर्गात 62 मुलं असायची. मी फळ्याकडे तोंड करून लिहीत असायचे आणि मागून कुणीतरी बोललं की मान न वळवता नाव घ्यायचे. मुलांना वाटायचं बाईंना पाठीलाही डोळे आहेत. डोळे कसले, प्रत्येकाचा आवाज वेगळा असतो. इथेही तसंच. तार एकच, पण प्रत्येक बटण वेगळ्या रोधातून बोलतं, आणि टेप त्यावरून बटण ओळखतो.

तो ओळखतो कसा, तेही भावाने सांगितलं. टेप आपल्या बाजूने त्या तारेवर थोडा दाब ठेवतो. समजा 5 व्होल्ट, आणि त्याच्या आतला रोध 1000 ओम. बटण दाबलं नाही तर तारेवर जवळजवळ पूर्ण 5 व्होल्ट राहतात. शून्याचं बटण दाबलं की शून्य, 330 चं दाबलं की सव्वा व्होल्टच्या आसपास, 1000 चं दाबलं की बरोबर अर्धे, अडीच, आणि 3100 चं दाबलं की पावणेचार. चार बटणं, चार वेगळे दाब. मी सातवीच्या गणिताच्या बाईंना फोन करून हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "हे तर प्रमाणाचं उदाहरण!"

मग तारा जोडल्या. एसडब्ल्यू वन की वनला, एसडब्ल्यू टू की टूला. बॅटरी लावली, बटण दाबलं. काहीच नाही. पुन्हा दाबलं, तरी नाही. जपानी मावशी तेवढ्या बोलल्या; त्यांचं यंत्र वेगळं, त्या जायच्या नाहीत.

"अर्थ कुठं जोडलीस?" भावाने विचारलं.

कुठेच नाही. दोन्ही तारा जोडल्याच्या आनंदात तिसरी तशीच लोंबकळत होती. ती टेपच्या काळ्या तारेला जोडली. मग सेटिंगमध्ये स्टिअरिंगचं पान उघडलं. तिथे बटण दाबून धरायचं आणि त्याचं काम काय ते पडद्यावर निवडायचं; या प्रकाराला ते लोक चक्क "शिकवणं" म्हणतात. सहा वर्षांनी मला पुन्हा विद्यार्थी मिळाला! मी एकेकाची ओळख करून दिली, तो पाठ करत गेला. शेवटी हजेरी घेतली, आठही हजर.

गोष्ट इथे संपायला हवी होती. तीन आठवड्यांनी पुढचं गाणं मागितलं की मागचं लागायला लागलं. मी भावाला म्हटलं, टेप विसरला बहुतेक.

"टेप नाही विसरला. ताई, तू तारा नुसत्या पिळून वर पट्टी मारलीस ना? जोड कच्चा आहे. तिथंच ओम वाढले असणार."

शून्याच्या बटणावर कच्च्या जोडाचे तीनएकशे ओम चढले की टेपला ते 330 चं बटण वाटणार. बिचाऱ्याची चूक काय? सर्दी झालेल्या मुलाला मीही दुसऱ्याच्या नावाने हाक मारलेली आहे. आमच्या शेजारचे आयरिश आजोबा जुने कारागीर. त्यांनी सोल्डर करून, वर नळी चढवून तिन्ही जोड पक्के करून दिले. बदल्यात त्यांना कांदेपोहे दिले. त्यांनी मिरच्या काढून खाल्ले.

ज्यांना हे घरी करून पाहायचं असेल त्यांनी एक लक्षात घ्या. बऱ्याच नव्या गाड्यांमध्ये बटणांचा निरोप ओमच्या भाषेत टेपपर्यंत येत नाही. गाडीतल्या संगणकांच्या सामाईक लाइनवरून तो आकड्यांच्या संदेशात जातो. तिथे त्या गाडीसाठी बनवलेला बॉक्सच लागतो, आणि त्या तारा कापायच्या नाहीत. मीटर लावून बटण दाबल्यावर आकडे नीट बदलत नसतील तर तिथेच थांबा आणि जाणत्या माणसाकडे जा.

आता खरी गोष्ट. बटणं चालू झाल्यावर आठवड्याभरात आईचाच फोन आला, पुन्हा गाडीत असताना. अंगठा हलवला, फोन लागला. नजर रस्त्यावर, दोन्ही हात चाकावर. पलीकडे अण्णा होते. मी उत्साहाने सांगितलं, "अण्णा, मी गाडी चालवतेय आणि तुमच्याशी बोलतेय! बटणं मी स्वतः जोडली!"

अण्णांनी एस.टी.त 31 वर्षं गाडी चालवली. गाडीत डोक्यावर पाटी असायची, चालकाशी बोलू नये. ते म्हणाले, "शाबास. काही घाई नाही, सगळं ठीक आहे. आता फोन ठेव आणि घरी जाऊन कर." आणि त्यांनी स्वतःच ठेवला.

मला आधी थोडं वाईट वाटलं. एवढा खटाटोप केला, आणि बोलणं दहा सेकंदांचं! मग लेकीच्या शाळेच्या फाटकाशी गाडी लावून बसल्यावर कळलं, की मला त्या दहा सेकंदांचीच गरज होती. आपल्यासारख्यांच्या घरी अवेळी फोन वाजला की बोलण्याची भूक नसते. सगळं ठीक आहे ना, एवढं एकच वाक्य हवं असतं. त्या नोव्हेंबरात ते मिळालं असतं तर माझा हात पडद्याकडे गेला नसता.

तेव्हापासून आमच्या घरात नियम आहे. मी गाडीत असले तर बटण दाबून फक्त विचारते, "ठीक आहे ना?" तिकडून "ठीक आहे" आलं की फोन ठेवायचा. "नाही" आलं तर गाडी बाजूला घ्यायची आणि मग बोलायचं. आईलाही आता सवय झाली आहे. ती फोन लागल्या लागल्या आधी "सगळं ठीक आहे गं" म्हणते आणि मग विचारते, "गाडीत आहेस का?"

यंदा फराळाचं कुरिअर आलं. चकल्या निम्म्या मोडलेल्या. एक अख्खी निघाली ती हातात धरून धाकट्याने विचारलं, "आई, यातून पण तारा जातात का?"

सगळ्यांना दिवाळीच्या मनापासून शुभेच्छा. सावकाश चालवा.