चमच्याच्या पाठीवरचा सिंह

१/ गॅराज सेलमध्ये दोन डॉलरला घेतलेला काळवंडलेला चमचा स्टर्लिंग चांदीचा निघतो. तो तराजूवर ठेवला जातो, वितळवल्यास किती पैसे येतील याचा हिशोब होतो आणि व्हिडिओ संपतो. माझी तक्रार अशी, की गोष्ट जिथे सुरू व्हायला हवी तिथेच ती थांबवली जाते. त्या चमच्याच्या पाठीवर त्याची जन्मपत्रिका ठोकलेली असते. वजन कोणताही तराजू सांगेल. पत्रिका वाचण्याचे काम इतिहासाच्या वाचकाचे.

२/ स्टर्लिंग म्हणजे १००० भागांत ९२५ भाग चांदी, उरलेले बहुधा तांबे. १३०० मध्ये इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने या कसाची चांदी तपासून तिच्यावर बिबट्याचे मुख उमटवण्याचा कायदा केला. (हा बिबट्या वस्तुतः समोर पाहणारा सिंहच, जुन्या फ्रेंच चिन्हशास्त्रात त्याला बिबट्या म्हणत.) १४७८ पासून ही तपासणी लंडनच्या सुवर्णकार संघाच्या सभागृहात, म्हणजे ‘हॉल’मध्ये होऊ लागली. आपल्या सोनारपेढ्यांच्या पाट्यांवर झळकणारा ‘हॉलमार्क’ हा शब्द तिथून आला.

३/ आता वस्तू उलटी करा. एक पंजा उचलून चालणारा सिंह दिसला, तर इंग्लंडमध्ये तपासलेले स्टर्लिंग. हा ठसा १५४४ पासूनचा. शेजारचे चिन्ह शहर सांगते. बिबट्याचे मुख लंडनचे, नांगर बर्मिंगहॅमचा, मुकुट शेफिल्डचा (१९७५ पासून तिथे गुलाब आला), किल्ला एडिंबरोचा. बिबट्याच्या डोक्यावर मुकुट असेल, तर वस्तू बहुधा १८२१ पूर्वीची. राजा किंवा राणीचे मस्तक असेल, तर १७८४ ते १८९० या काळात चांदीवर भरलेल्या कराची ती पावती. उरते ते एकटे अक्षर: ते वर्ष सांगते. वर्णमाला संपली की पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, पण लिपीचे वळण आणि भोवतीच्या चौकटीचा आकार बदलतो. म्हणून नुसते अक्षर पाहून उपयोग नाही. शहर आधी, अक्षर नंतर.

४/ या ठशांत राज्याचे अर्थकारणही दिसते. सतराव्या शतकात लोक नाण्यांच्या कडा कातरून ती चांदी भांड्यांत घालत. त्यावर उपाय म्हणून १६९७ मध्ये भांड्यांचा कस नाण्यांपेक्षा वर, ९५.८४ टक्क्यांवर नेला आणि सिंहाच्या जागी ब्रिटानियाची बसलेली आकृती आली. १७२० मध्ये स्टर्लिंगला पुन्हा मुभा मिळाली.

५/ अमेरिकेत अशी देशव्यापी सरकारी तपासणी नव्हती. तिथे बहुधा ‘स्टर्लिंग’ हा शब्दच ठोकलेला असतो. गोरहॅम कंपनीचा ठसा सिंह, नांगर आणि जी हे अक्षर असा आहे. नवखा माणूस त्यालाच बर्मिंगहॅम समजतो.

६/ फसवणूक अधिक होते ती मुलाम्यात. ‘ईपीएनएस’ म्हणजे निकेल मिश्रधातूवर विजेने चढवलेला चांदीचा थर. १८४० मध्ये एल्किंग्टन यांनी या प्रक्रियेचे पेटंट घेतल्यावर हा माल घरोघरी गेला. ही चार अक्षरे अनेकदा चार चौकटींत अशी मांडलेली असतात, की दुरून हॉलमार्कच वाटावा. चमच्याच्या टोकाशी पिवळसर धातू उघडा पडलेला दिसला, की समजावे. लोहचुंबकावर फार विसंबू नका: चांदी त्याला चिकटत नाही हे खरे, पण पितळही चिकटत नाही. आणि दिवाणखान्यातल्या जड मेणबत्तीदाण्या बऱ्याचदा आतून राळेने किंवा सिमेंटने भरलेल्या असतात.

७/ एवढे कष्ट कशासाठी? वळणदार लिपीतला ‘एचबी’ हा ठसा पाहा. पतीच्या निधनानंतर १७६१ मध्ये हेस्टर बेटमन या विधवेने तो लंडनमध्ये स्वतःच्या नावे नोंदवला आणि १७९० पर्यंत कारखाना चालवला. अठराव्या शतकातील एका कारागीर स्त्रीची ही सही आजही चमच्यांवर वाचता येते. तो चमचा भट्टीत गेला, तर दस्तऐवज गेला.

८/ ही भीती काल्पनिक नाही. १९७९ च्या आरंभी चांदी औंसाला सुमारे ६ डॉलर होती. टेक्सासच्या हंट बंधूंनी साठेबाजी केली आणि जानेवारी १९८० मध्ये भाव ५० डॉलरजवळ पोहोचला. घरातली पिढीजात चांदी घेऊन लोक रांगा लावू लागले. वस्तूच्या किमतीपेक्षा धातूची किंमत वाढली होती. २७ मार्च १९८० रोजी भाव ११ डॉलरच्या खाली कोसळला. तोवर जे वितळले ते वितळले.

९/ प्रत्येक चमचा जपावा असा माझा हट्ट नाही. विसाव्या शतकातली चेपलेली, राळ भरलेली मेणबत्तीदाणी वितळली म्हणून शोक करण्याचे कारण नाही. पण निर्णय ठसा वाचल्यावर व्हावा. आपल्याकडे तर ‘मोड’ ही रीतच आहे: जुने द्यायचे, घडणावळ आणि तूट सोसून नवे घ्यायचे. आपल्या तांब्या-फुलपात्रांवर बहुधा ठसाही नसतो, कारण चांदीचे अधिकृत हॉलमार्किंग आपल्याकडे २००५ मध्ये आले. त्यांची ओळख कुटुंबाच्या आठवणीतच उरते. म्हणून मोडीत घालण्यापूर्वी निदान छायाचित्र काढावे आणि ते कोणाचे, कोणत्या लग्नातले हे लिहून ठेवावे.

१०/ ब्रिटनमध्ये कायद्यानुसार ७.७८ ग्रॅमहून जड, हॉलमार्क नसलेली वस्तू सर्वसाधारणपणे ‘चांदी’ म्हणून विकता येत नाही. जुन्या वस्तूंना सवलत आहे, तरी लिलावांत बिनठशाच्या भारतीय वस्तूंपुढे ‘पांढरा धातू’ एवढेच लिहिलेले आढळते. भुजचे ओमरसी मावजी हे कच्छच्या दरबारचे रौप्यकार. वेलबुट्टीने गच्च भरलेल्या त्यांच्या कामावर सिंह नाही, नांगर नाही. तिकडच्या कार बूट सेलमध्ये असा एखादा मग तुमच्या हाती आला, तर तळाशी ‘ओ’ आणि ‘एम’ ही दोन इंग्रजी अक्षरे आहेत का, तेवढे पाहा.