बहिणीच्या हातातले त्रिशूळ

भाऊबीज जवळ आली, की आमच्या सेलूच्या बसस्टँडवर माहेरवाशिणींची गर्दी होते. बहीणभावाची तीच माया पुण्याच्या मंडळींनी चक्क एका व्हिडिओ खेळात उतरवली, याची मला मोठी मौज वाटते.

श्रुती घोष, अविचल सिंग आणि त्यांचे सोबती यांची ही संस्था, 'नॉडिंग हेड्स गेम्स'. खेळाचे नाव 'राजी'. असुरांनी पळवलेल्या धाकट्या गोलूला सोडवायला राजी निघते. हाती दुर्गेने दिलेले त्रिशूळ! खर्चासाठी २०१७ साली लोकवर्गणीचे आवाहन झाले, ते फसले. मंडळी मात्र हटली नाहीत. पुढे अमेरिकेच्या 'एपिक' कंपनीचे अनुदान मिळाले, आणि ऑगस्ट २०२० मध्ये राजी प्रथम अवतरली ती निन्टेंडोच्या 'स्विच'वर, म्हणजे हातात धरून खेळायच्या जपानी यंत्रावर.

असले खेळ म्हणजे वेळेचा चुराडा, हे घरोघरचे मत. माझेही पुष्कळसे तेच. पण आजवर आपली मुले परक्यांच्या राक्षसांशी झुंजत आली. आता परमुलखातली मुले आपल्या असुरांशी झुंजतात, ही काय थोडी गोष्ट झाली? तेव्हा वाचकहो, चिरंजीवांच्या हातातले यंत्र हिसकावण्यापूर्वी, आत कोण कोणासाठी लढते आहे, एवढे तरी विचारा!