खापर नेटवर्कच्या माथी

गडचिरोलीत ऑनलाइन अर्ज अडकला की दोषी कोण ते आधीच ठरलेलं असतं: नेटवर्क. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, त्यासाठी मी अर्जामागच्या जावा कोडला शिव्या घालणार नाही. पण चंद्रपुरात, भर शहरात, चांगल्या ब्रॉडबँडवरही तेच पान लटकतं, तेव्हा कुठला पूर आलेला असतो?

इतरांनी लिहिलेली अॅप्लिकेशन्स निस्तरणं हा माझा धंदा. अशाच एका नोंदणीचा कोड उघडला. सर्व्हिसमधली एकच मेथड, वर ऐटीत ट्रान्झॅक्शनल असं लिहिलेलं. आत काय? शेतकऱ्याची नोंद वाचायची, एसएमएस गेटवेला ओटीपी पाठवायला सांगायचं, त्याचं उत्तर येईपर्यंत थांबायचं, मग नोंद लिहायची. वाचायला-लिहायला काही मिलिसेकंद. गेटवेला त्याची मर्जी असेल तेवढा वेळ. तोवर डेटाबेसचं कनेक्शन फुकट अडकलेलं. ही कनेक्शनं सांभाळणाऱ्या हिकारीच्या पूलमध्ये, कुणी हात लावला नाही तर, जास्तीत जास्त 10 कनेक्शन असतात. एकेक 20 सेकंद अडकलं की मिनिटाला 30 माणसं, बस्स. एकदम आलेल्यांतला एकविसावा 30 सेकंद ताटकळतो आणि त्याच्या तोंडावर एरर आदळते. शेवटच्या तारखेला केंद्राबाहेर रांग, आणि डेटाबेस माशा मारतोय! वर साहेब विचारतात, सर्व्हर मोठा घ्यायचा का?

उपाय सोपा वाटतो: ट्रान्झॅक्शन तोडा, गेटवेचं काम बाहेर काढा. मीही तेच केलं, पण कनेक्शन सुटेना. कारण दुसरा आळस खाली दबा धरून होता. डेटाबेसशी बोलणाऱ्या हायबरनेटमध्ये सेशन मिटल्यावर लेझी, म्हणजे मागितल्यावरच येणारी, यादी मागितली की लेझी इनिशियलायझेशन एक्सेप्शन येतं. पानाला काय लागणार ते सर्व्हिसमध्येच ठरवून, तेवढंच आणून, साध्या डीटीओत भरून वर द्यावं, म्हणजे मिटलं. पण त्याला विचार करावा लागतो. त्यापेक्षा सेशन पान रंगेपर्यंत उघडं ठेवायचं. स्प्रिंग बूटमध्ये ही सोय मुळातच चालू असते, आणि पहिल्या क्वेरीला घेतलेलं कनेक्शन मग सहसा सेशन मिटेपर्यंत हातचं सुटत नाही. 2.0 आवृत्तीपासून याचा इशारा लॉगमध्ये येतो. तो वाचणारा मला अजून भेटायचाय. तो दिसू नये म्हणून सेटिंगमध्ये मुद्दाम 'ट्रू' लिहून ठेवणारे मात्र भेटलेत.

आता यात गडचिरोलीतल्या एटापल्लीचा मोबाइल घाला. पान मोठं, समोर उत्तर झेलून धरणारा प्रॉक्सी नाही, तर सर्व्हर त्या मंद लाइनवर थेंबाथेंबानं लिहीत बसतो, कनेक्शन मुठीत धरून. एटापल्लीचं संथ नेटवर्क असं चंद्रपूरच्याही मानगुटीवर बसतं. मग दोघांनाही सांगायचं, जंगलाचा भाग आहे, चालायचंच.

पाच जणांच्या कार्यालयात हे खपून जातं, मान्य. जिल्ह्याच्या नोंदणीला खपत नाही. म्हणून डेमोच्या दिवशी माझी अट: पूल 2 वर आणा, गेटवेला मुद्दाम 20 सेकंद झोपवा आणि दोन ब्राउझरांतून एकदम अर्ज भरा. तिसऱ्यानं नुसतं यादीचं पान मागितलं तरी ते ताबडतोब उघडलं पाहिजे. उघडलं नाही, तर बिलावर सही करू नका.