नाक सांभाळताना

परवा म्हसळ्याच्या बाजारात सुकट घेत होतो. शेजारी माझे एक जुने सहकारी उभे होते. नाकाला रुमाल लावून म्हणाले, "गुरुजी, ज्यांना वासच येत नाही ते लोक सुखी!" मला हसू आलं नाही. का, ते आज लिहितो.

साधारण तीस वर्षं झाली. नववीला 'पहिला पाऊस' हा निबंध दिला होता. एका मुलाच्या निबंधात ढग होते, बेडूक होते, गळणारं छप्पर होतं, पण मातीचा वास नव्हता. मी त्याला उभं केलं. तो म्हणाला, "गुरुजी, मातीला वास कसा असतो?" वर्ग हसला, मीही हसलो. "नाक काय नुसतं शेंबडासाठी दिलंय देवाने?" असं बोललो आणि दोन गुण कापले.

एकोणिसावं लागलं तरी या मुलाला मिसरूड फुटलं नाही, आवाजही बदलला नाही. घरच्यांनी अंगारे-धुपारे केले, नवस बोलले, पण डॉक्टरकडे नेलं नाही. चार लोकांत नाक कापलं जाईल ना! तिशी उलटल्यावर तो स्वतःच मुंबईला गेला. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्हाला वास येतो का?"

वासाचा आणि मिसरुडाचा काय संबंध? माझ्यासारख्या मराठीच्या मास्तराला भाचीने समजावलं ते असं. गर्भात नाक घडताना तिथल्या पेशींना 'जगा, वाढा' असा निरोप देणारी काही प्रथिनं असतात. त्यांना वाढघटक म्हणतात. त्यातला एक एफजीएफ-८. उंदराच्या गर्भात नाकाच्या जागी तो मिळाला नाही, तर वासाच्या चेतापेशी ज्यांच्यापासून व्हायच्या त्या पेशीच मरतात. आणि वयात येण्याचा हुकूम सोडणाऱ्या पेशीही मूळच्या नाकाच्याच परिसरातल्या! वासाच्या तंतूंचं बोट धरून त्या मेंदूत जातात. तंतूच पोहोचले नाहीत तर त्या वाटेत अडकतात. मग वासही नाही आणि मिसरूडही नाही. याला कालमन सिंड्रोम म्हणतात. कालमन यांनी १९४४ मध्ये त्याचं वर्णन केलं. काही रुग्णांत एफजीएफ-८ च्या जनुकातच दोष असल्याचं २००८ मध्ये कळलं.

हे सगळं परदेशातलं, असं कुणी म्हणू नये. गर्भातल्या पेशी वासाच्या केंद्राकडे कुठून कुठवर चालत जातात, हे कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शुभा टोळे यांच्या प्रयोगशाळेने उंदरांत शोधलं आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध केलं. म्हणजे ज्ञान मुंबईपर्यंत आलेलं आहे. आमच्या ओट्यावर, वर्गात आणि दवाखान्यात ते आलेलं नाही, एवढंच.

मराठीत नाक कापतात, मुरडतात, घासतात, दुसऱ्याच्या कामात खुपसतात. वास घ्यायलाही ते असतं, हे मात्र आपण विसरतो. आंधळ्याला आपण रस्ता ओलांडायला मदत करतो, आणि वास न येणाऱ्याची चेष्टा करतो. माझे सहकारी त्याला सुखी म्हणतात. गॅस गळला तर त्याला कसं कळणार? दूध नासलं तर? २०२० मध्ये कोरोना आला तेव्हा घरोघर हिंगाची डबी हुंगून बघत होते. साथ ओसरली आणि आपण पुन्हा होतो तिथेच.

वास न येणारा प्रत्येक जण कालमनचा रुग्ण नसतो, हे खरं. सर्दीने, डोक्याला मार लागून, म्हातारपणानेही वास जातो. पण मुलाला जन्मापासून वास येत नसेल आणि तो वयातही येत नसेल, तर या दोन गोष्टी एकत्र सांगायलाच हव्यात. वास परत येत नाही, पण हार्मोन्सच्या औषधांनी वयात येणं घडवता येतं, पुढे अनेकांना मूलही होऊ शकतं. उशीर झाला तर हाडंही ठिसूळ होतात. माझ्या विद्यार्थ्याची बारा-तेरा वर्षं लाजेत गेली.

शाळेत डोळे तपासतात, दात तपासतात. वास येतो का, असं माझ्या सगळ्या नोकरीत मी कुणाला विचारताना पाहिलं नाही. मी स्वतःही विचारलं नाही. उलट विचारणाऱ्या पोरालाच खाली बसवलं. डोळे मिटून कॉफीची डबी नाकाशी धरायला कितीसा खर्च येतो?

मास्तर मंडळी, आणि ब्लॉग वाचणारे आमचे सगळे भाचे-पुतणे, तुमच्या घरात किंवा वर्गात असं एखादं पोर असेल तर एकदा विचारा. आणि त्याने "मातीला वास कसा असतो?" असं विचारलं, तर कृपा करून हसू नका.